वाशीची पट्टी आणि फंडांचे प्रकार

आमच्या घरात पैसा वर्षातून एकदाच येतो. मार्चअखेरीपासून आंब्याच्या पेट्या वाशीच्या बाजारात जाऊ लागतात, मे संपेपर्यंत दलालाकडून पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, येत राहतात, गाडीभाडे, हमाली आणि हंगामाआधी घेतलेली उचल वजा होऊन जे उरते ते पहिल्या पावसाच्या सुमारास खात्यावर जमा होते, आणि त्यानंतर पुढच्या हंगामापर्यंत त्या खात्यातून नुसते काढणे असते, भरणे नसते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पावस गावाच्या पुढे पूर्णगडच्या खाडीकडे उतरत जाणाऱ्या आमच्या भागात हापूसच्या कलमांवर जगणाऱ्या बहुतेक घरांचे गणित असेच आहे. माझा धाकटा भाऊ मात्र डोंबिवलीला असतो आणि त्याच्या खात्यात दर महिन्याच्या एक तारखेला पगार पडतो. आम्ही दोघे एकाच घरात वाढलो, आमच्या वयांत तीनच वर्षांचे अंतर आहे, दोघांनाही दोन-दोन मुले आहेत. तरीही त्याला योग्य असलेले म्युच्युअल फंड मला योग्य नाहीत, ही साधी गोष्ट उमजायला मला फार वर्षे लागली.

यंदा गणपतीला तो आला तेव्हा ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून त्याने मोबाइलवरची एक यादी माझ्यापुढे धरली. फंडांची नावे, त्यांच्यापुढे एक, तीन आणि पाच वर्षांचा परतावा, आणि सगळे उतरत्या क्रमाने लावलेले. "दादा, यातले वरचे दोन घे आणि एसआयपी चालू कर," तो म्हणाला. एसआयपी म्हणजे फंडात दरमहा भरायचा ठरावीक हप्ता. मी विचारले, "डिसेंबरात फवारणीचे बिल आणि एसआयपीचा हप्ता एकाच आठवड्यात आला, तर आधी कोणते भरू?" त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते, आणि त्यात त्याचा दोषही नव्हता, कारण त्या यादीतच ते नव्हते. यादीत सर्वांत वर स्मॉल कॅप फंड होते आणि सर्वांत खाली लिक्विड फंड. म्हणजे खायचे तांदूळ आणि पेरायचे बियाणे शेजारी शेजारी ठेवून किलोच्या भावाने त्यांची तुलना करावी, तसे काहीसे. त्या दिवशी अर्धवट राहिलेले बोलणे इथे सविस्तर लिहितो आहे. मी गुंतवणुकीचा सल्लागार नाही. बागेचा आणि घराचा हिशेब वीस वर्षे स्वतः लिहिणारा माणूस आहे, एवढाच माझा अधिकार.

फंडांच्या प्रकारांविषयी बोलायचे तर सुरुवात ऑक्टोबर २०१७ पासून करावी लागते. त्याआधी एकाच फंड घराण्याच्या चार-पाच योजना नावाने वेगळ्या आणि पोटात सारख्याच असत, आणि 'ऑपॉर्च्युनिटीज', 'ग्रोथ', 'प्लस' अशा शब्दांवरून आत काय आहे ते कळत नसे. शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख करणाऱ्या सेबीने त्या महिन्यात परिपत्रक काढून समभाग (शेअर), रोखे (सरकारला वा कंपन्यांना दिलेले कर्ज), हायब्रिड (दोन्हींचे मिश्रण), उद्दिष्टाधारित आणि इतर असे पाच गट केले, त्यांत एकूण ३६ प्रकार ठरवले, आणि इंडेक्स फंडांसारखे (निर्देशांकातल्याच कंपन्या तशाच घेणारे फंड) काही अपवाद सोडता एका घराण्याला एका प्रकाराची एकच योजना ठेवायला लावली. बाजारमूल्याच्या क्रमाने पहिल्या १०० कंपन्या म्हणजे लार्ज कॅप, १०१ ते २५० म्हणजे मिड कॅप, आणि २५१ पासून पुढच्या साऱ्या स्मॉल कॅप, ही व्याख्याही तेव्हाचीच. त्यामुळे आज फंडाच्या प्रकाराचे नाव वाचले तरी आतल्या मालाचा बराचसा अंदाज येतो. छत्तीस प्रकार ऐकून घाबरण्याचे कारण नाही. साध्या गुंतवणूकदाराच्या कामाचे त्यांतले पाच-सहाच असतात.

माझ्या दृष्टीने त्या पाच-सहांत सर्वांत महत्त्वाचा प्रकार तोच, जो भावाच्या यादीत तळाला होता. लिक्विड फंड ९१ दिवसांच्या आत परत मिळणाऱ्या रोख्यांमध्येच पैसे ठेवतो: सरकारची ट्रेझरी बिले, बँकांची ठेव प्रमाणपत्रे, मोठ्या कंपन्यांचे अल्पमुदतीच्या कर्जाचे कागद. कामकाजाच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पैसे काढण्याची सूचना दिली की दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी ते खात्यावर येतात, आणि बऱ्याच योजनांत ५० हजार रुपये किंवा शिलकीच्या ९० टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी तत्काळही मिळू शकते. गुंतवल्यापासून सहा दिवसांच्या आत काढले तर अत्यल्प एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याचा आकार, लागतो. पहिल्याच दिवशी काढले तर लाखाला सात रुपये, आणि सातव्या दिवसापासून काहीच नाही.

आता हे आमच्या वर्षाला लावून पाहावे. जूनमध्ये मुलांच्या फिया आणि आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी. ऑगस्ट-सप्टेंबरात खते, कल्टार (मोहोरासाठी कलमांना द्यायचे औषध) आणि गणपती. पालवी फुटली की पहिली फवारणी, आणि मग मोहोरापासून फळ सुपारीएवढे होऊन पुढे अंड्याएवढे होईपर्यंत एकामागून एक फवारण्या. मध्येच ढगाळ हवा आली आणि तुडतुडे वाढले की त्यात आणखी एक. जानेवारीपासून राखणीच्या गड्यांचे पगार, फेब्रुवारीत लाकडी पेट्या आणि गवत. यांतला कोणताच खर्च पुढे ढकलता येत नाही आणि त्यांतल्या बहुतेकांची नेमकी तारीख आधी सांगता येत नाही. हे सगळे पैसे मी पूर्वी बचत खात्यात ठेवत असे, कारण मुदत ठेव मोडायची तर व्याज कमी होते आणि काउंटरवर दोन प्रश्नही विचारले जातात. बचत खात्यातील रकमेला मिळणारे व्याज किरकोळ असते, आणि त्याहून मोठा तोटा असा की समोर दिसणारा पैसा खर्च होतो. जूनमध्ये खात्यावर पाच लाख दिसत असले की गाडी बदलण्याचा विचार घरात हमखास निघतो. तीच रक्कम लिक्विड फंडात गेल्यापासून तो विचार निघायचा कमी झाला आहे, हा परतावा कोणत्याही फॅक्टशीटमध्ये, म्हणजे फंडाच्या माहितीपत्रकात, छापलेला नसतो.

लिक्विड फंड म्हणजे मुदत ठेव नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. फेब्रुवारी २०१७ मध्ये एका लिक्विड फंडाने धरलेल्या एका कंपनीच्या कागदाची पत घसरली आणि त्या फंडाची एनएव्ही, म्हणजे फंडातल्या एका युनिटची (हिश्श्याची) किंमत, एका दिवसात सुमारे सात टक्क्यांनी खाली आली. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएसने देणी थकवली तेव्हाही अनेक रोखे योजनांना झळ बसली. त्यानंतर २०१९ मध्ये सेबीने लिक्विड फंडांना निदान २० टक्के रक्कम रोख, ट्रेझरी बिले, सरकारी रोखे अशा लगेच मोकळ्या होणाऱ्या स्वरूपात ठेवणे बंधनकारक केले. म्हणून मी फंड निवडताना परताव्याचा रकाना झाकून ठेवतो आणि फॅक्टशीटमध्ये रोख्यांची यादी वाचतो. ज्यात ट्रेझरी बिले आणि मोठ्या बँकांचे कागद जास्त, तो माझा. शेजाऱ्यापेक्षा पाव टक्का जास्त देणारा लिक्विड फंड ते पाव टक्के कुठून आणतो, हा प्रश्न विचारायची सवय लावून घेतलेली बरी. ज्यांना एवढीही काळजी नको, त्यांच्यासाठी ओव्हरनाइट फंड आहे. त्यातले कागद एकाच दिवसाच्या मुदतीचे असतात आणि परतावा त्या मानाने किंचित कमी.

रोखे फंडांच्या बाकीच्या प्रकारांत दोनच धोके वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेले असतात: रोख्याची मुदत किती लांब, आणि कर्ज घेणाऱ्याची पत किती चांगली. मुदतीचा धोका लोकांच्या लक्षात लवकर येत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या माझ्या एका नौकामालक मित्राने २०२२ च्या एप्रिलअखेर हंगामाचे पैसे गिल्ट फंडात घातले. "सरकारी रोखे आहेत, बुडणार कसे?" हा त्याचा युक्तिवाद, आणि तो खोटाही नव्हता, कारण गिल्ट फंडातले किमान ८० टक्के पैसे सरकारी रोख्यांतच असतात. पण १ जूनपासून मासेमारी बंद झाली, नौका शाकारून ठेवली, आणि जूनच्या मध्याला इंजिनाच्या कामासाठी त्याने पैसे काढले तेव्हा घातले होते त्यापेक्षा थोडे कमीच आले. मधल्या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, वाढवायला सुरुवात केली होती. मे २०२२ मधला ४ टक्क्यांचा दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला. बाजारात नवे रोखे जास्त व्याजाचे येऊ लागले की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांची किंमत पडते, आणि मुदत जितकी लांब तितकी जास्त पडते. ढोबळ हिशेब असा की फंडाचा 'ड्युरेशन' हा आकडा सात असेल आणि व्याजदर एक टक्क्याने वाढले, तर एनएव्ही सुमारे सात टक्क्यांनी उतरते. सरकार बुडाले नव्हते. मित्राला पैसे दीड महिन्यात हवे होते आणि रोखे कित्येक वर्षांचे होते, एवढेच झाले होते. दोन-तीन वर्षांनी लागणाऱ्या पैशांसाठी शॉर्ट ड्युरेशन (कमी मुदतीचे रोखे) किंवा बँकिंग अँड पीएसयू (बँका आणि सरकारी कंपन्यांचे रोखे) प्रकारातले फंड पाहावेत. क्रेडिट रिस्क फंड हा प्रकार, ज्यात किमान ६५ टक्के रक्कम 'एए' (सर्वोच्च नसलेल्या) आणि त्याखालच्या पतीच्या कंपन्यांना दिलेली असते, मी आमच्यासारख्यांच्या यादीतून सरळ वगळतो. एप्रिल २०२० मध्ये एका मोठ्या फंड घराण्याने आपल्या सहा रोखे योजना एका रात्रीत बंद केल्या आणि गुंतवणूकदारांना आपलेच पैसे हप्त्याहप्त्याने परत मिळण्याची वाट पाहावी लागली, तेव्हा त्या योजनांचे दुखणे मूलतः हेच होते.

एवढे वाचून आमच्याकडचा कोणीही जाणता माणूस म्हणेल, की मग पतपेढी काय वाईट? कोकणात पतपेढीचा दर बँकेपेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो, पैसे न्यायला घरी माणूस येतो, संचालक ओळखीचे असतात. माझे स्वतःचे खातेही एका पतपेढीत आहे. फक्त एक फरक लक्षात ठेवावा: बँकेतील ठेवीला, मग ती बँक सहकारी असली तरी, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे, आणि पतपेढीतील ठेवीला ते नाही. म्युच्युअल फंडालाही नाही. मात्र फंडाची रचनाच वेगळी आहे. सेबीच्या नियमांनुसार फंडाची मालमत्ता विश्वस्तांच्या ताब्यात आणि अभिरक्षक संस्थेकडे ठेवलेली असते. व्यवस्थापन करणारी कंपनी ती केवळ चालवते. ती कंपनी उद्या बुडाली तरी तिचे धनको युनिटधारकांच्या रोख्यांना हात लावू शकत नाहीत. रोख्यांची किंमत पडू शकते, पण रोखे गायब होत नाहीत. जुन्या लोकांच्या मनातली भीती बहुधा युनिट ट्रस्टच्या 'युनिट चौसष्ट' योजनेची असते, आणि ती समजण्यासारखी आहे. १९६४ साली सुरू झालेली ती योजना घराघरात पोहोचली होती, तिच्या युनिटची किंमत मालमत्तेच्या रोजच्या मूल्यावरून न निघता संस्था स्वतः जाहीर करत असे, आणि जुलै २००१ मध्ये युनिटांची पुनर्खरेदीच थांबवण्यात आली. आजच्या योजनांची एनएव्ही कामकाजाच्या प्रत्येक दिवशी बाजारभावाने काढून जाहीर करावी लागते. एनएव्ही रोज खाली-वर होताना दिसते म्हणून लोक घाबरतात. मला तर ती दिसते म्हणूनच बरे वाटते.

समभागांच्या फंडांकडे मी मुद्दाम उशिरा आलो, कारण जे पैसे निदान सात वर्षे लागणार नाहीत तेच तिथे जावेत असे माझे मत आहे, आणि असे पैसे किती आहेत हे आधीचा हिशेब झाल्याशिवाय कळत नाही. लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के रक्कम पहिल्या शंभर कंपन्यांत ठेवावी लागते. शंभरच कंपन्या, त्याही साऱ्या जगाच्या नजरेखालच्या, मग व्यवस्थापकाने वेगळे असे काय शोधायचे? तेवढ्यासाठी दरवर्षी दीड-दोन टक्के खर्च देण्यापेक्षा निफ्टी ५० किंवा सेन्सेक्सचा साधा इंडेक्स फंड घ्यावा, ज्याचा खर्च त्याच्या कितीतरी खाली असतो आणि ज्यात व्यवस्थापकाच्या बुद्धीवर काहीच अवलंबून नसते. फ्लेक्सी कॅप फंडात ६५ टक्के समभाग असले की झाले. मोठ्या, मधल्या, लहान कंपन्यांचे प्रमाण व्यवस्थापक ठरवतो. मल्टी कॅपमध्ये मात्र तिन्हींत प्रत्येकी किमान २५ टक्के हवेतच. हा नियम सप्टेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा अनेक मल्टी कॅप फंडांना लहान कंपन्यांत एवढे पैसे घालणे नको होते. नोव्हेंबरात सेबीने फ्लेक्सी कॅप हा नवा प्रकार दिला आणि त्यांतल्या कित्येकांनी तो स्वीकारला. पाटी बदलली, दुकान तेच राहिले. नावावर विसंबून जुना परतावा पाहणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

स्मॉल कॅप फंडावर थोडे जास्त थांबतो, कारण भावाच्या पाच फंडांपैकी तीन तेच आहेत. हा प्रकार वाईट आहे असे मी म्हणत नाही. लांबच्या पल्ल्यात लहान कंपन्यांतूनच मोठ्या कंपन्या होतात आणि त्याचे फळ अशा फंडांना मिळते. पण जानेवारी २०१८ मध्ये शिखरावर असलेला स्मॉल कॅप निर्देशांक मार्च २०२० पर्यंत निम्म्याहूनही खाली गेला होता. दोन वर्षांहून अधिक काळ दर महिन्याला हप्ता भरायचा आणि दर महिन्याला शिल्लक कमी झालेली पाहायची, हे तोंडाने बोलण्याइतके सोपे नाही. दुसरी गोष्ट विक्रीची. वाशीला ज्या दिवशी आवक भरमसाट होते त्या दिवशी चांगल्या मालालाही गिऱ्हाईक मिळत नाही, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. लहान कंपन्यांच्या समभागांचे तसेच आहे. रोजची उलाढाल थोडी, आणि सगळे एकदम विकायला निघाले की भाव पाडल्याशिवाय सुटका नाही. मार्च २०२४ पासून मिड आणि स्मॉल कॅप फंडांना हे आकड्यांत सांगावे लागते: गुंतवणुकीचा एक चतुर्थांश आणि अर्धा भाग विकायचा झाला तर प्रत्येकी किती दिवस लागतील. फंडाचा परतावा पाहणाऱ्यांपैकी फार थोडे जण तो तक्ता उघडतात. भावाने मी दाखवेपर्यंत उघडलेला नव्हता.

आणि इथे माझा मुख्य मुद्दा येतो. फंड घेताना जोखीम किती पेलाल, असे प्रश्नावलीतून विचारतात: वय किती, अनुभव किती, गुंतवणूक वीस टक्क्यांनी पडली तर काय कराल. या प्रश्नांची आम्हा दोघा भावांची उत्तरे जवळजवळ सारखीच येतात. पण उत्पन्न कशावर अवलंबून आहे, हे कोणी विचारत नाही. हापूसला एकाआड एक वर्ष कमी लागण्याची खोड आहे. त्यात अवकाळी पाऊस, थ्रिप्स किडी, थंडी उशिरा पडणे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने उत्तरेकडे श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या झोपवल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात, काढणी चालू असताना, तौक्ते वादळाने दक्षिणेकडच्या बागांचा आंबा जमिनीवर आणला. माझी बाग हाच एक भलामोठा स्मॉल कॅप फंड आहे. ज्याचे उत्पन्नच असे हेलकावते त्याने बाकीचा पैसाही हेलकावणाऱ्या जागी ठेवला, तर दोन्ही एकदम खाली गेल्यावर धरायला काही उरत नाही. हे मला पुस्तकातून कळले नाही. २०२० च्या जानेवारीत सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता आणि २३ मार्चला तो २६ हजारांखाली बंद झाला. त्याच आठवड्यात टाळेबंदी लागली, वाशीचा बाजार कधी चालू तर कधी बंद, गाड्या मिळेनात, आणि बागेत आंबा तयार. त्या वर्षी घर आणि मजुरी चालली ती लिक्विड फंडात ठेवलेल्या 'वाईट वर्षाच्या' रकमेवर. ती नसती तर एप्रिलमध्ये इंडेक्स फंडाची युनिटे पडत्या भावाने विकावी लागली असती. भावाचा पगार त्या काळात चालू होता, त्यामुळे त्याने हप्ते भरणे सुरू ठेवले आणि स्वस्तात युनिटे घेतली. दोघांचेही बरोबरच होते.

हायब्रिड प्रकाराबद्दल मात्र मी पूर्वग्रहदूषित आहे, त्याचे कारण सांगतो. आमचे वडील, अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या ग्रॅच्युइटीतले दहा लाख एका बँकेत ठेवीत होते. २०१७ साली त्या बँकेतल्या एका कर्मचाऱ्याने त्यांना समजावले, की 'बॅलन्स्ड' फंडात ठेवा, दरमहा एक टक्का लाभांश येईल. दहा लाखांवर दरमहा दहा हजार. अण्णा सात-आठ महिने खूश होते. पासबुकात रक्कम यायची, ते पेन्सिलीने त्यापुढे खूण करायचे. मग २०१८ च्या एप्रिलपासून समभाग योजनांच्या लाभांशावर १० टक्के वितरण कर आला, बाजार मंदावला, लाभांश घटत गेला, आणि एका दिवशी त्यांनी मला विचारले की मूळ रक्कम दहाची साडेआठ कशी झाली. मी तेव्हा पहिल्यांदा नीट बसून पाहिले. एनएव्ही २५ रुपये असताना २५ पैसे लाभांश दिला, की एनएव्ही त्याच दिवशी २४ रुपये ७५ पैसे होते. तो बाहेरून आलेला नफा नसतो, आपल्याच कणगीतले काढून आपल्याच पदरात घातलेले असते. फंडाने वर्षाला नऊ टक्के कमावले आणि बारा वाटले, तर उरलेले तीन मुद्दलातून जातात. शिवाय 'बॅलन्स्ड' या शब्दामागे ६५ टक्क्यांहून जास्त समभाग होते, हे सत्तरीच्या माणसाला कोणी सांगितले नव्हते. आता त्या प्रकाराचे नाव ॲग्रेसिव्ह हायब्रिड आहे आणि त्यात समभाग ६५ ते ८० टक्के असतात, आणि एप्रिल २०२१ पासून 'लाभांश' हा शब्दही जाऊन 'उत्पन्न वितरण व भांडवल काढून घेणे' अशा अर्थाचे लांबलचक नाव आले आहे. नाव बोजड आहे, पण प्रामाणिक आहे. अण्णांना ते चार वर्षे आधी वाचायला मिळाले असते तर फार बरे झाले असते.

ज्यांना दरमहा रक्कम हवीच आहे त्यांनी ग्रोथ पर्याय (नफा न वाटता फंडातच ठेवणारा) घेऊन ठरावीक रक्कम काढण्याची, म्हणजे एसडब्ल्यूपीची सूचना द्यावी. मुद्दल किती उरले ते समोर दिसते, आणि काढलेल्या रकमेतल्या फक्त नफ्याच्या भागावर कर लागतो. वितरणाची रक्कम मात्र सगळीच्या सगळी उत्पन्नात धरली जाते. निवृत्त माणसासाठी समभाग हवेतच असतील, तर १० ते २५ टक्के समभाग असलेला कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रिड पुरे.

करांचे थोडक्यात. समभाग फंड एक वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर २० टक्के, त्यानंतर विकले तर वर्षाच्या सव्वा लाखावरील नफ्यावर साडेबारा टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. रोखे फंड १ एप्रिल २०२३ पासून पुढे घेतलेले असतील तर नफ्यावर आपल्या उत्पन्नाच्या टप्प्याच्या दराने कर. आंब्याचे उत्पन्न शेतीचे म्हणून करमुक्त असते, त्यावरून फंडाचा नफाही करमुक्त असेल असा समज आमच्या भागात आहे. तो चुकीचा आहे. ईएलएसएसची, म्हणजे करबचतीच्या समभाग फंडाची, तीन वर्षांची बांधणी फक्त जुन्या करप्रणालीत वजावट घेणाऱ्यांच्या कामाची, तेव्हा बागायतदाराने ती केवळ कोणी सांगितले म्हणून घेऊ नये.

आणि नव्या फंडाचे युनिट दहा रुपयांना मिळते म्हणून ते स्वस्त, हा गैरसमज अजून गेलेला नाही. दहा हजारांत दहा रुपयांची हजार युनिटे आली काय आणि दोनशे रुपयांची पन्नास आली काय, दहा टक्के वाढ झाली की दोन्हींचे अकरा हजारच होतात.

खर्चाचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचे डायरेक्ट आणि रेग्युलर असे दोन अवतार आहेत. आतला माल एकच, फक्त रेग्युलरमध्ये वितरकाचे कमिशन दरवर्षी एनएव्हीतून जाते. हा फरक एक टक्क्याचा धरला, तर पाच लाखांचे वीस वर्षांत ११ टक्क्यांनी सुमारे ४० लाख होतात आणि १० टक्क्यांनी सुमारे साडेतेहेतीस. तरी मी सरसकट डायरेक्टचा प्रचार करणार नाही. आमच्या गावातल्या एका काकूंना यजमानांच्या पश्चात चार फोलिओंचे (फंडांतल्या खात्यांचे) पैसे मिळवून द्यायला एका वितरकानेच सहा फेऱ्या मारल्या, कारण तीन ठिकाणी वारस नोंद नव्हती. ज्याला स्वतः कागद सांभाळता येत नाहीत त्याच्यासाठी तो एक टक्का वाया गेलेला नाही, पण वितरक असा हवा.

माझी मांडणी साधी आहे. समजा हंगामाचे सहा लाख आले. साडेतीन लाख घर आणि बागेच्या वर्षभराच्या खर्चाचे. ते लिक्विड फंडात. एक लाख वाईट वर्षासाठी, तेही रोख्यांतच, पण वेगळ्या फोलिओत, म्हणजे हात जात नाही. राहिलेले दीड लाखही आधी लिक्विड फंडातच जातात, आणि तिथून दर महिन्याला साडेबारा हजार त्याच फंड घराण्याच्या निफ्टी इंडेक्स फंडात आपोआप वळते होतात. याला एसटीपी म्हणतात. पगारदाराच्या एसआयपीचे काम ते माझ्यासाठी करते, पण हप्ता बँक खात्यातून न जाता आधीच बाजूला काढलेल्या रकमेतून जातो, त्यामुळे डिसेंबरात बिल आणि हप्ता यांची गाठ पडत नाही. दोन्ही योजना एकाच घराण्याच्या असाव्या लागतात, आणि दर वेळी वळते होताना लिक्विड फंडातला किरकोळ नफा करपात्र ठरतो, एवढ्या दोन अटी. ज्या वर्षी आंबा लागत नाही त्या वर्षी एसटीपी नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही.

भावाला हे सगळे फोनवर सांगितले. तीन स्मॉल कॅप फंडांऐवजी एकच ठेवायला तो तयार झाला आहे, लिक्विड फंड मात्र त्याला अजून 'म्हाताऱ्यांचा' वाटतो. शिमग्याला आला की पुन्हा बोलू. इकडे बागेत पालवी निघाली आहे आणि परवा पहिल्या फवारणीचे औषध आणायचे आहे. त्यासाठी चाळीस हजार काढण्याची सूचना आज तीनच्या आत द्यायला हवी, आणि आता पावणेतीन होत आले आहेत.